परदेशातील प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या जवळ जाताना: सविस्तर मार्गदर्शन

परदेशातील मोठ्या प्राणिसंग्रहालयात दिवसभर पायपीट करून झोपलेल्या सिंहाची पाठ आणि झाडामागे दडलेल्या बिबट्याचे शेपूट एवढेच पाहून परतणारे पर्यटक पुष्कळ असतात. त्याच दिवशी, त्याच आवारात जिराफाला हाताने पाला भरवून आणि गेंड्याच्या जाड कातडीवर हात ठेवून बाहेर पडणारेही काही असतात. या दोघांतला फरक नशिबाचा फारसा नसतो. कोणते प्राणिसंग्रहालय, कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रकारच्या जवळिकीसाठी, हे निर्णय तिकीट काढण्यापूर्वीच घेतले असतील तर बरेच काही साधते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ज्या व्यवस्थेत प्राणी स्वतःच्या मर्जीने जवळ येतो आणि कंटाळला की निघून जाऊ शकतो, तीच व्यवस्था निवडावी, असे माझे ठाम मत आहे. प्राण्याच्या भल्याचा विचार त्यात आहेच, पण पाहुण्याचा अनुभव म्हणूनही तीच सरस ठरते; पुढील सगळ्या सूचना याच धोरणाने दिल्या आहेत.

जवळीक कोणत्या प्रकारची हवी, हे आधी ठरवा

‘प्राण्यांना जवळून पाहता येते’ हे वाक्य प्रत्येक प्राणिसंग्रहालयाच्या जाहिरातीत असते, पण त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांऐवजी खंदकांचा वापर करून प्राणिसंग्रहालय उभारले, तेव्हापासून मधले गज हळूहळू नाहीसे होत गेले. सिंगापूरचे १९७३ मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय याच धर्तीवर बांधलेले आहे. तेथे पाण्याचे चर, उतार आणि झाडी यांनी अडथळ्याचे काम केल्यामुळे ओरांगउटान डोक्यावरच्या फांद्यांतून फिरताना दिसतात. ही नजरेची जवळीक झाली. ती साध्या प्रवेश तिकिटातच मिळते आणि अनेकांना तेवढी पुरते.

त्यापुढचा प्रकार म्हणजे पाहुण्यांनी प्राण्यांच्याच आवारात शिरणे. सिंगापूरच्या ‘फ्रॅजाइल फॉरेस्ट’ या जाळीबंद दालनात लेमूर (मादागास्करचे माकडासारखे प्राणी), वटवाघळे आणि चिमुकली पिसोरी हरणे पाहुण्यांच्या आसपास मोकळी वावरतात. स्वित्झर्लंडमधील झुरिच प्राणिसंग्रहालयाने २००३ मध्ये सुरू केलेले मासोआला दालन म्हणजे सुमारे ११,००० चौरस मीटर छताखाली वाढवलेले मादागास्करचे वर्षावन आहे. तेथे कोणी काही दाखवत नाही, शोधावे लागते; पंधरा मिनिटांत फेरी आटोपणाऱ्याला हिरव्या पानांखेरीज फारसे काही दिसत नाही, आणि बाकावर शांत बसणाऱ्याला सरडगुहिराही (शॅमेलिऑन) हातभर अंतरावर दिसू शकतो. नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे १९७१ पासून चालू असलेले ‘आपेनहूल’ हे तर खास माकडांचे उद्यान आहे. तेथील खारमाकडे पाहुण्यांच्या खिशात आणि पिशव्यांत बिनदिक्कत हात घालतात, म्हणून प्रवेशद्वारापाशीच माकडांना उघडता येणार नाहीत अशा पिशव्या मिळतात. त्या घेण्याचा आळस करू नये.

तिसरा प्रकार कीपरबरोबरच्या भेटीचा. कीपर म्हणजे त्या प्राण्याची रोजची देखभाल करणारा कर्मचारी. यात पाच-दहा जणांच्या गटाला जिराफ, गेंडा, पेंग्विन किंवा तापीर यांच्यापाशी नेतात, काही वेळा हाताने खाऊ घालू देतात आणि प्रश्नांना उत्तरे देतात. हत्ती, गेंडा किंवा मोठी मांजरवर्गीय जनावरे असतील तर मध्ये भक्कम कठडा किंवा जाळी असते. अनेक पाहुण्यांना यामुळे फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण चांगल्या प्राणिसंग्रहालयांत आता कीपरसुद्धा हत्तीशी असा अडथळा मध्ये ठेवूनच काम करतात.

वाहनातून फिरण्याचा चौथा प्रकार बहुतेकांना ठाऊक असतो. इंग्लंडमधील लॉंगलीट येथे १९६६ मध्ये आफ्रिकेबाहेरील पहिले मोटारीतून फिरण्याचे सफारी उद्यान सुरू झाले. तेथील माकडे मोटारीचे वायपर आणि एरियल उपटण्यासाठी प्रसिद्ध आहेत, तेव्हा भाड्याच्या गाडीने जाणाऱ्याने भाडेकराराच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. अमेरिकेतील सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाचे सफारी पार्क शहरापासून दूर असून ते सुमारे १,८०० एकरांवर पसरलेले आहे. तेथे उघड्या ट्रकमधून गेंडे आणि जिराफ यांच्या कळपांजवळ जाता येते. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळच्या ओराना उद्यानात पाहुण्यांनाच पिंजऱ्याच्या गाडीत बसवून सिंहांमध्ये नेतात. पिंजऱ्यात कोण आहे, हे तेथे एकदाचे उलटे होते.

राहिला मांडीवर किंवा कुशीत प्राणी घेऊन फोटो काढण्याचा प्रकार. त्याच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण तो बहुतेक वेळा टाळावा असाच असतो.

संस्था कशी पारखावी

एखाद्या ठिकाणाचे नाव ठरले की सर्वप्रथम त्याला कोणत्या संघटनेची मान्यता आहे हे पाहावे. अमेरिकेत एझेडए, युरोपात ईएझेडए, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बीआयएझेडए, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झेडएए ऑस्ट्रेलेशिया आणि जागतिक पातळीवर वाझा, या संघटना प्राण्यांच्या निगेचे निकष ठरवतात. त्यांच्या संकेतस्थळांवर सदस्य संस्थांची यादी असते. प्राणिसंग्रहालयाच्या पानावर नुसते बोधचिन्ह दिसले म्हणून समाधान मानू नये, यादीत नाव आहे का ते तपासावे. ‘सँक्च्युअरी’, ‘रेस्क्यू सेंटर’, ‘अनाथालय’ या शब्दांना अनेक देशांत कायदेशीर अर्थ काहीच नसतो आणि कोणीही ते पाटीवर रंगवू शकतो.

थायलंडमधील कांचनबुरी प्रांतातले ‘टायगर टेंपल’ हे या बाबतीतले बोलके उदाहरण आहे. वाघांशेजारी बसून फोटो काढण्यासाठी जगभरचे पर्यटक तेथे जात. २०१६ मध्ये सरकारी यंत्रणेने छापा घालून तेथून १३७ वाघ हलवले, तेव्हा फ्रीझरमध्ये ठेवलेले ४० मृत बछडेही सापडले. अर्जेंटिनातील लुहान येथे पाहुण्यांना सिंह-वाघांच्या पिंजऱ्यातच सोडत असत. ते प्राणिसंग्रहालय २०२० मध्ये बंद करण्यात आले. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार यांच्याशी, त्यांच्या बछड्यांशीसुद्धा, सामान्य लोकांचा थेट संपर्क येऊ देण्यावर बंदी घातली. म्हणून वाघाचा बछडा हातात देणारी जागा दिसली, तर पुढे काही तपासण्याची गरजच नाही. बछडा काही आठवड्यांतच हाताळण्याजोगा राहत नाही, मग रोज नवा बछडा लागतो आणि मोठे झालेले कोठे जातात याचा हिशेब कोणी देत नाही.

कोआलाचे प्रकरण इतके सरळ नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, म्हणजे सिडनीत, पर्यटकांना कोआला हातात घेण्याची मुभा नाही. क्वीन्सलँडमध्ये मात्र ती आहे, परंतु एका कोआलाला दिवसात ३० मिनिटांहून अधिक वेळ हाताळता येत नाही. ब्रिस्बेनचे लोन पाइन अभयारण्य १९२७ पासून कोआलांसाठी प्रसिद्ध असून तेथे कुशीत कोआला घेऊन फोटो काढण्याची फार जुनी प्रथा होती. जुलै २०२४ मध्ये त्यांनी ती स्वतःहून बंद केली आणि कोआलाच्या शेजारी उभे राहून त्याला पाहण्याची भेट सुरू केली. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून जाणाऱ्यांचा तेथे हिरमोड होतो, तेव्हा नियम नेहमी संस्थेच्या चालू पानावरूनच पाहावेत.

आग्नेय आशियातील पर्यटनस्थळी रस्त्यावर फोटोसाठी पुढे केले जाणारे लाजवंतीचे (स्लो लोरिस या निशाचर, माकडवर्गीय प्राण्याचे) पिल्लू हाही याच पठडीतला प्रकार. गुदगुल्या केल्यावर ते दोन्ही हात वर करते आणि पाहणाऱ्यांना फार गोड वाटते. प्रत्यक्षात दंडाच्या आतल्या बाजूच्या ग्रंथीतला स्राव तोंडात घेऊन विषारी चावा घेण्याची ती तयारी असते, आणि हा धोका टळावा म्हणून अशा प्राण्यांचे दात अनेकदा आधीच उपटलेले असतात.

संस्था पारखण्याची एक साधी कसोटी मी नेहमी वापरतो. भेटीचे वर्णन वाचताना ‘प्राण्याची इच्छा नसल्यास भेट रद्द होऊ शकते’ अशी अट दिसते का, हे पाहावे. ही अट वाचून अनेक जण नाराज होतात, पण तीच खरी खूण आहे. स्कॉटलंडमधील एडिनबरा प्राणिसंग्रहालयात १९५१ मध्ये कीपरकडून फाटक उघडे राहिले आणि पेंग्विन त्याच्यामागे चालू लागले, त्यातून तेथील पेंग्विनांची प्रसिद्ध मिरवणूक सुरू झाली. तीत कोणी सामील व्हायचे हे पेंग्विनच ठरवतात. एखाद्या दिवशी मोजकेच बाहेर येतात.

तारीख आणि वेळ

विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ऋतू पाहावा. जपानमधील होक्काइदो बेटावरच्या असाहियामा प्राणिसंग्रहालयात किंग पेंग्विनांना हिवाळ्यात व्यायाम मिळावा म्हणून बर्फावरून फिरवून आणतात. पाहुणे आखलेल्या रेषेमागे उभे असतात आणि पेंग्विनांची ओळ त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावरून डुलत जाते, पण हे सारे पुरेसा बर्फ असेपर्यंतच चालते. जपानमध्येच इझू शाबोतेन प्राणिसंग्रहालयातील कॅपिबारा (उंदरांच्या वर्गातले मोठे प्राणी) गरम पाण्याच्या कुंडात डुंबतात तेही थंडीतच. साफसफाईच्या गरम पाण्याच्या डबक्यात ते गोळा होतात, हे १९८२ मध्ये एका कीपरच्या लक्षात आले आणि तेथून ही प्रथा पडली. उलट दुबई सफारी पार्क उन्हाळ्याचे महिने बंद असते आणि आपेनहूल हिवाळ्यात. युरोपातील बरीच प्राणिसंग्रहालये थंडीत उघडी असली, तरी उष्ण प्रदेशातील प्राणी तेव्हा आतल्या घरांत असतात. हे नेहमीच वाईट नसते, कारण काचेपलीकडे ते अधिक जवळ दिसतात आणि गर्दीही नसते.

दिवसाची वेळ तितकीच महत्त्वाची आहे. सिंह दिवसातले वीस तासांपर्यंत पडून असतो, तेव्हा दुपारी बाराला त्याच्यापुढे उभे राहून त्याच्या उठण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. दार उघडल्यानंतरचा पहिला तास हा माझ्या मते संपूर्ण दिवसातला सर्वांत मोलाचा तास. रात्री आतल्या खोल्यांत असलेले प्राणी तेव्हा बाहेर सोडलेले असतात, आवारात लपवलेले खाद्य शोधत फिरतात, हद्दीवर गंध सोडतात आणि रिंगटेल लेमूर पोट सूर्याकडे करून, हात पसरून ऊन खात बसतात. दुसरी चांगली वेळ म्हणजे बंद होण्यापूर्वीचा दीड-दोन तासांचा काळ, मात्र काही प्राण्यांना त्याच्या आधीच आत घेतात. निशाचर प्राणी पाहायचे असतील तर दिवसाचा हट्ट सोडावा. सिंगापूरची १९९४ मध्ये सुरू झालेली नाइट सफारी संध्याकाळनंतरच उघडते आणि तेथे चांदण्यासारख्या मंद प्रकाशात प्राणी दिसतात.

भेटीचे आरक्षण

कीपरबरोबरच्या भेटीचे तिकीट प्रवेश तिकिटाहून वेगळे असते आणि जागा मोजक्या असल्याने सुट्ट्यांच्या काळात ती बरीच आधी संपते. आरक्षण करताना वयाची अट, मुलाबरोबर मोठ्या माणसाचेही तिकीट लागते का, उंचीची किंवा वजनाची मर्यादा आणि पाऊस पडल्यास काय, या गोष्टी पाहाव्यात. बऱ्याच ठिकाणी कीपरच्या सूचना समजणे बंधनकारक असते; घरातल्या ज्येष्ठांना स्थानिक भाषा किंवा इंग्रजी कळत नसेल, तर शेजारी उभे राहून अर्थ सांगू का, हे ईमेलने आधी विचारून ठेवावे. गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना काही भेटींत घेत नाहीत.

जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही मागितली जाते, ती वाचल्याशिवाय करू नये. प्रवास विम्याच्या कागदपत्रांत प्राण्यांशी संबंधित उपक्रम वगळले आहेत का, हेही त्याच बैठकीत तपासून टाकावे. भेट शक्यतो सकाळची घ्यावी. रद्द झाली तर त्याच दिवशी दुपारी पर्याय मागता येतो. दुपारची रद्द झाली तर दिवस संपलेला असतो.

पोशाख आणि पिशवी

पुढून बंद असलेले, धुता येण्याजोगे बूट घालावेत. चपला घालून आलेल्यांना भेटीच्या दारातून परत पाठवतात. लोंबते कानातले, लांब माळा, ओढणी किंवा स्कार्फ आणि झिरमिळ्यांचे कपडे नकोत, कारण माकडे आणि पक्षी नेमके त्यांनाच धरतात. अत्तर व उग्र वासाचे तेल टाळावे. उन्हासाठीचे क्रीम चेहऱ्याला जरूर लावावे, परंतु प्राण्याला स्पर्श करायचा असेल तर तळहात साबणाने धुऊन मगच जावे. पेंग्विनांच्या पिसांवरचा तेलकट थर त्यांना कोरडे आणि उबदार ठेवतो, आणि आपल्या हातावरचे क्रीम त्याला लागणे चांगले नाही. पाण्याची बाटली, छोटी दुर्बीण, टोपी आणि पातळ रेनकोट एवढ्यावर दिवस निघतो. सेल्फी स्टिक अनेक ठिकाणी चालत नाही आणि ड्रोन कोठेही चालत नाही.

सर्दी-खोकला असेल तर माकडवर्गीयांची भेट पुढे ढकलावी. आपल्याला किरकोळ वाटणारा श्वसनाचा संसर्ग गोरिला आणि चिंपांझींना गंभीर आजारी पाडू शकतो. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातील एका वाघिणीला कोविडची लागण झाल्याचे आढळले. ती माणसाकडूनच झाली असावी, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला होता.

त्या दिवशी आवारात

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचावे. नकाशावर खाद्य देण्याच्या आणि कीपरच्या बोलण्याच्या वेळा छापलेल्या असतात. त्यांतल्या तीन-चारच निवडाव्यात, सगळ्यांच्या मागे धावल्यास दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो. गर्दी प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या पिंजऱ्यापासून सुरुवात करते, म्हणून आपण टोकापासून सुरुवात करून उलटे यावे. कीपरचे बोलणे चुकवू नये. बोलणे संपल्यावर लोक पांगतात, तेव्हा पुढे जाऊन ‘आज यांना पुन्हा खायला कधी देणार?’ आणि ‘हा आत्ता कोणत्या कोपऱ्यात बसतो?’ हे दोन प्रश्न विचारावेत. छापील वेळापत्रकात नसलेली माहिती अशी मिळते, आणि मन लावून विचारणाऱ्याला बहुतेक कीपर मन लावूनच सांगतात.

प्रत्यक्ष जवळ गेल्यावर

जिराफाला भरवणे हा नवख्या माणसासाठी सर्वांत चांगला आरंभ आहे. उंच चौथऱ्यावर उभे राहिले की त्याचे डोके आपल्या छातीच्या पातळीवर येते आणि ते अपेक्षेपेक्षा बरेच मोठे असते. फांदी बुंध्याकडून घट्ट धरावी आणि पाला त्याच्याकडे करावा. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची, काळपट जांभळी जीभ फांदीभोवती वळसा घालते आणि एका ओढीत पाने उतरवून नेते. हातावर राहते ती चिकट, दाट लाळ. जिराफाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने चाव्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती बाळगावी ती मानेची. माशी उडवण्यासाठी त्याने डोके झटक्यात वळवले तरी आपल्याला जबर मार बसू शकतो, म्हणून कठड्यावर वाकून गळ्याशी फोटो काढू नये. कपाळावर किंवा गालावर हात फिरवलेला बहुतेक जिराफांना आवडत नाही.

गेंड्याची दृष्टी अधू, कान आणि नाक मात्र तल्लख. त्याच्याजवळ जाताना कीपर सतत हलक्या आवाजात बोलत राहतो, त्याचे कारण हेच. आपणही एकदम गप्प होऊ नये आणि एकदम हालचाल करू नये. कठड्याच्या गजांतून हात आत घालून गजाच्या पलीकडे ठेवू नये, कारण गेंड्याने अंग टेकले तर हात मध्ये सापडतो. त्याच्या कातडीच्या घड्यांमधला भाग मऊ आणि उबदार असतो. तेथे खाजवलेले अनेक गेंड्यांना इतके आवडते की ते कठड्याला अंग टेकून उभे राहतात.

ऑस्ट्रेलियातील मोकळ्या आवारात कांगारूंना खाद्य देताना समोरून चालून जाऊ नये, बाजूने यावे, खाली बसावे आणि उघड्या, सपाट तळहातावर खाद्य धरावे. डोक्यावर हात नेण्यापेक्षा छाती किंवा खांद्यापाशी स्पर्श करावा. बहुतेक आवारांत कांगारूंनी विश्रांती घेण्यासाठी आखलेली जागा असते आणि तेथे पाहुण्यांनी जायचे नसते; पाठ फिरवून तिकडे गेलेल्या कांगारूमागे जाऊ नये. एखादा मोठा नर मागच्या पायांवर ताठ उभा राहून छाती खाजवू लागला, तर खाद्य टाकून द्यावे आणि वाकून, सावकाश मागे सरावे.

लेमूरच्या दालनात जमिनीवर किंवा बाकावर बसून राहणे एवढेच करायचे असते. हात लांब करणाऱ्यापासून ते दूर जातात. जो दुसरीकडे पाहत बसतो त्याच्या खांद्यावर काही मिनिटांत कोणी येऊन बसेलही. तसे झाले तरी त्याला धरू नये, कुरवाळू नये, आणि उठायचे असेल तर कीपरला बोलवावे. पेंग्विनांच्या भेटीत गुडघ्यांवर बसायला सांगतात, कारण आपली उंची त्यांना बिचकवते. आत जाताना बूट जंतुनाशकाच्या तबकात बुडवून घेतात, आणि पक्ष्यांच्या फ्लूची साथ असताना या भेटी अचानक बंदही होतात. चोचीने बुटाच्या नाड्या ओढणे हा पेंग्विनांचा आवडता उद्योग असतो.

मोठ्या वानरांशी काचेपलीकडून होणारी भेट सर्वांत मनात राहणारी असते, आणि तिथेच माणसे सर्वांत जास्त चुकतात. गोरिलाच्या डोळ्यांत रोखून पाहणे आणि दात दाखवून हसणे या दोन्ही गोष्टी त्याला आव्हान वाटू शकतात. रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक स्त्री बोकितो नावाच्या नर गोरिलाला भेटायला नेहमी येत असे. ती त्याच्याकडे पाहून हसे, तोही तिच्याकडे पाही, आणि आपले नाते जुळले आहे अशी तिची समजूत होती. मे २००७ मध्ये बोकितोने पाण्याचा खंदक ओलांडला आणि तिच्यावरच हल्ला करून तिला गंभीर जखमी केले. त्यानंतर तेथे पाहुण्यांसाठी, डोळे दुसरीकडे वळलेले दिसतील असे छापलेले कागदी चष्मे वाटण्यात आले होते. गोरिलासमोर म्हणून काचेला बाजू करून खाली बसावे, नजर खाली ठेवावी आणि मधूनच तिरकस पाहावे. काच ठोकू नये, छाती बडवून दाखवू नये. अशा वेळी गोरिला स्वतःहून काचेपाशी येऊन बसण्याची शक्यता वाढते.

इतर काही इशारे ओळखता आले पाहिजेत. माकडाची जांभई ही पुष्कळदा धमकी असते. हत्तीने कान फैलावून डोके उंचावले तर तो अस्वस्थ आहे. उंटाने मान मागे घेतली तर समोरून बाजूला व्हावे. एखादा प्राणी त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालत असेल किंवा हत्ती तासन्‌तास डुलत असेल, तर तो नाचत नसतो. कोंडल्या जिण्याचा तो परिणाम असतो आणि त्या संस्थेविषयी बरेच काही सांगून जातो.

फोटो

फ्लॅश बंद करावा आणि कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा छोटा दिवाही बंद करावा, तो अनेकांच्या लक्षात येत नाही. काचेतून फोटो काढताना लेन्स काचेला टेकवावी आणि गडद कपडे घालावेत, म्हणजे स्वतःचे प्रतिबिंब कमी येते. जाळी असेल तर लेन्स जाळीच्या अगदी जवळ न्यावी, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) मोठे ठेवावे आणि प्राणी जाळीपासून दूर गेल्यावर फोटो घ्यावा. जाळी जवळजवळ अदृश्य होते. फोटोसाठी कठडा मात्र ओलांडू नये. ॲरिझोनात मार्च २०१९ मध्ये जॅग्वारबरोबर सेल्फी काढण्यासाठी अडथळा ओलांडलेल्या एका स्त्रीचा हात त्याने जाळीतून पंजा बाहेर काढून फाडला होता. अनेक भेटींत फोनच बाहेर ठेवायला लावतात आणि फोटो कर्मचारी काढून देतात. ती सोय चांगली आहे, कारण दोन्ही हात मोकळे राहतात.

मुले बरोबर असतील तर

मुलाला कठड्यावर बसवणे किंवा उचलून कठड्याबाहेर धरणे ही जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतली रोजची चूक आहे. सिनसिनाटी येथे २८ मे २०१६ रोजी तीन वर्षांचा मुलगा कुंपणातून आत शिरून गोरिलाच्या खंदकात पडला, आणि त्याला वाचवण्यासाठी हरांबे या नर गोरिलाला गोळी घालावी लागली. लहान मुलांसाठी शेळ्या, मेंढ्या आणि सशांचे आवार पुरेसे असते. तेथे खाद्याचा डबा मुलाच्या हातात न देता थोडे थोडे खाद्य तळहातावर द्यावे, नाहीतर चार शेळ्या मिळून मुलाला आडवे करतात. पाच वर्षांखालील मुलांनी साप, कासव, सरडे यांना हात लावू नये हे बरे, कारण निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरही साल्मोनेला हा आजाराचा जंतू असू शकतो.

हात धुणे आणि जखम झाल्यास

प्रत्येक स्पर्शानंतर साबण आणि वाहत्या पाण्याने किमान २० सेकंद हात धुवावेत. हातांच्या जंतुनाशक जेलवर भागवू नये. गुरावासरांपासून लागणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवर ते चालत नाही. हात धुतल्याशिवाय खाणे, मुलाच्या तोंडात चोखणी देणे किंवा फोन हाताळणे टाळावे, आणि बाबागाडीची चाकेही पुसून घ्यावीत. गर्भवती स्त्रियांनी व्यायला झालेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या मेंढ्यांपासून दूर राहावे.

चावा किंवा ओरखडा कितीही लहान असला, तरी तो लपवू नये. जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, कर्मचाऱ्यांना कळवावे, प्राण्याची जात आणि वेळ लेखी घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रेबीजची लस लागते का, हे तो देश आणि तो प्राणी यांवरून डॉक्टर ठरवतात. माकडाने चावल्यास, विशेषतः मकाक जातीच्या माकडाने चावल्यास, हर्पीस बी विषाणूविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. लशीचे पुढचे डोस दुसऱ्या देशात घ्यावे लागण्याची शक्यता असल्याने पहिल्या डोसाची नोंद जपून ठेवावी.

सीमा ओलांडताना

पडलेले पीस, कवच, शिंगाचा तुकडा किंवा काटा आठवण म्हणून उचलू नये. अनेक प्रजातींचे अवयव साइटीस या आंतरराष्ट्रीय करारान्वये परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाहीत, मग ते जमिनीवर पडलेले का असेनात. दुकानातून घेतलेल्या कातडी, हाडे किंवा पिसे यांच्या वस्तूंनाही हेच लागू आहे.

पुढचा मुक्काम ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड असेल, तर तेथील प्रवेशाच्या अर्जात गुरेढोरे, शेत किंवा रानात जाऊन आला आहात का, असा प्रश्न असतो. शेळ्या-मेंढ्यांच्या आवारात गेला असाल तर प्रामाणिकपणे ‘होय’ लिहावे. अधिकारी बहुधा बूट पाहतात, तळव्याला माती असेल तर धुऊन देतात आणि सोडून देतात; ‘नाही’ लिहून मातीचे बूट सापडले तर मात्र दंड होतो. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री बुटांचे तळवे ब्रशने घासून धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच बॅगेत, सगळ्यांत वर, सहज काढून दाखवता येतील असे ठेवावेत.